पोस्टग्रेस मधेच अडकतो आणि आकडे मात्र छान दिसतात, तेव्हा मॉनिटरिंग व्ह्यूमध्ये नक्की बघायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोस्टग्रेस, म्हणजे पोस्टग्रेसएसक्यूएल डेटाबेस, दिवसातून काही वेळा अचानक मंद होतो, ॲप अडकल्यासारखं होतं, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुटतं, त्या वेळी सीपीयू निम्माही वापरात नसतो, कॅश हिट रेशो (मागितलेल्या पानांपैकी, म्हणजे डेटाच्या ठराविक आकाराच्या तुकड्यांपैकी, किती मेमरीतच मिळाले) ९९ टक्क्यांच्या वर दिसतो आणि तरी तक्रारी येतातच, तर मॉनिटरिंगचे एवढे व्ह्यू (सर्व्हरची स्थिती टेबलासारखी दाखवणाऱ्या तयार याद्या) आहेत त्यातले कोणते बघायचे आणि कसे वाचायचे.

सगळ्यात आधी तो ९९ टक्के बाजूला ठेवा, कारण त्याच्यावर भरवसा ठेवूनच बरेच लोक चुकीच्या जागी शोधत बसतात. पीजी_स्टॅट_डेटाबेस मधले ब्लॉक्स_हिट आणि ब्लॉक्स_रीड हे दोन आकडे शेवटचा रिसेट झाल्यापासूनचे आहेत, त्याच व्ह्यूमध्ये स्टॅट्स_रिसेट नावाचा कॉलम आहे तो बघा, कदाचित आठ महिन्यांपूर्वीची तारीख असेल. आठ महिन्यांच्या बेरजेत आज दुपारची पंधरा मिनिटं कुठे दिसणार? दुसरं म्हणजे ब्लॉक्स_रीड म्हणजे डिस्कवरूनच वाचलं असं नाही, पोस्टग्रेसने ते पान ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागितलं एवढंच, ते तिच्या कॅशमधून पटकन आलेलं असू शकतं. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, एखादी वाईट क्वेरी तीच लाखभर पानं मेमरीतून परत परत वाचत असेल तर हा रेशो उलट वाढतो. म्हणजे डेटाबेस फुकटची मेहनत करतोय आणि आकडा सांगतोय सगळं उत्तम. रेशो चांगला आणि डेटाबेस मंद, यात काहीच विरोधाभास नाही.

आता मुळात हे समजून घ्या की हे व्ह्यू दोन जातीचे आहेत आणि दोघांना वाचायची पद्धत वेगळी आहे. एक जात आत्ता काय चाललंय ते दाखवते: पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी, पीजी_लॉक्स, पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन, आणि पीजी_स्टॅट_प्रोग्रेस ने सुरू होणारे सगळे. क्षण गेला की यातली माहिती गेली, नंतर बघून काही मिळत नाही. दुसरी जात काउंटरची: पीजी_स्टॅट_डेटाबेस, पीजी_स्टॅट_युजर_टेबल्स, पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स वगैरे, यातले बहुतेक आकडे फक्त वाढत जातात. लाइटच्या मीटरसारखं आहे हे, नुसतं रीडिंग बघून कोणी बिल काढत नाही, आजच्या रीडिंगमधून मागचं वजा करावं लागतं. काउंटरचा एकटा आकडा मोठा आहे की लहान यावर वाद घालू नका, दोन वेळा घ्या, वजाबाकी करा, मधल्या सेकंदांनी भागा, मग जो दर येतो त्यावर बोला. माझ्या अनुभवात मॉनिटरिंगमधला निम्मा गोंधळ इथेच संपतो.

वजाबाकी करताना एक फसवी गोष्ट सांगून ठेवतो. एकाच ट्रान्झॅक्शनच्या (कमिट होईपर्यंतच्या कामांच्या एका गटाच्या) आत हे व्ह्यू दोनदा वाचले तर दुसऱ्या वेळी पण तेच आकडे येतात, कारण पोस्टग्रेस वाचलेली माहिती ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत धरून ठेवतो. १५ आवृत्तीत आकडे ठेवायची आतली पद्धत बदलली, वेगळा स्टॅट्स कलेक्टर प्रोसेस गेला आणि सगळं शेअर्ड मेमरीत आलं, पण डिफॉल्ट सेटिंगला हे वागणं तसंच आहे. त्यामुळे काही क्लायंट टूल, जी ऑटोकमिट बंद ठेवून चालतात, त्यात तुम्ही रिफ्रेश रिफ्रेश करत बसता आणि वाटतं सिस्टिम शांत आहे. ऑटोकमिट चालू ठेवा, नाहीतर मध्ये पीजी_स्टॅट_क्लिअर_स्नॅपशॉट हे फंक्शन चालवा.

तर आता त्रास चालू आहे असं धरू. पहिला व्ह्यू एकच, पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी. प्रत्येक सर्व्हर प्रोसेसची एक ओळ असते, त्यातल्या बॅकएंड_टाइप वर फिल्टर लावून फक्त क्लायंट बॅकएंड (ॲपच्या कनेक्शनचं काम करणाऱ्या प्रोसेस) ठेवा, नाहीतर चेकपॉइंटर, वॉल रायटर अशा आतल्या कामाच्या प्रोसेसच्या ओळींनी डोळे भरतात. मग स्टेट, वेट_इव्हेंट_टाइप, वेट_इव्हेंट, झॅक्ट_स्टार्ट, क्वेरी_स्टार्ट आणि क्वेरी एवढे कॉलम पुरे. लोक सरळ क्वेरी कॉलम वाचायला लागतात, तसं नका करू, आधी स्टेट वाचा. स्टेट आयडल असेल तर क्वेरी कॉलममध्ये दिसतं ते त्या कनेक्शनने शेवटचं चालवलेलं वाक्य असतं, आत्ता चालू असलेलं नाही. "ही क्वेरी तीन तास चालू आहे" असं घाबरून कळवणाऱ्यांपैकी कितीतरी जण आयडल ओळच बघत असतात. क्वेरी किती वेळ चालली ते ॲक्टिव्ह ओळीच्या क्वेरी_स्टार्ट वरून कळतं, आणि ट्रान्झॅक्शन किती वेळ उघडं आहे ते झॅक्ट_स्टार्ट वरून, आणि बऱ्याचदा दुसरं जास्त महत्त्वाचं असतं.

वेट_इव्हेंट हे दोन कॉलम ९.६ पासून आले आणि माझ्या मते पोस्टग्रेसच्या मॉनिटरिंगमध्ये एवढी उपयोगाची भर दुसरी पडलेली नाही. प्रश्न "क्वेरी स्लो का" असा नसतोच, "ती कशासाठी थांबलीय" असा असतो, आणि हे कॉलम नेमकं तेच सांगतात. ॲक्टिव्ह आहे आणि वेट_इव्हेंट रिकामा आहे म्हणजे साधारणपणे ती सीपीयूवर खरंच काम करतेय. टाइप आयओ आणि इव्हेंट डेटाफाइलरीड असेल तर डेटा फाइलमधून पान येण्याची वाट बघतेय. टाइप लॉक असेल तर दुसऱ्या कोणीतरी धरलेल्या लॉकसाठी थांबलीय, मग इव्हेंट रिलेशन म्हणजे आख्ख्या टेबलाचं लॉक आणि ट्रान्झॅक्शनआयडी म्हणजे कोणीतरी तीच ओळ बदलून अजून कमिट केलेलं नाही. एलडब्ल्यूलॉक म्हणजे पोस्टग्रेसच्या आतल्या शेअर्ड मेमरीवरची ओढाताण, बरेच ॲक्टिव्ह कनेक्शन एकदम झाले की हे दिसायला लागतं. आणि क्लायंटरीड म्हणजे डेटाबेस रिकामा बसलाय, तुमच्या ॲपच्या पुढच्या हुकमाची वाट बघतोय.

एकदा बघून मात्र निष्कर्ष काढू नका. एक फोटो म्हणजे योगायोग असू शकतो. दर सेकंदाला एकदा असं वीस-तीस सेकंद वाचा, प्रत्येक वेळी ॲक्टिव्ह ओळी वेट_इव्हेंट प्रमाणे मोजा आणि बेरीज करा, ज्याची बेरीज जास्त तिथे वेळ जातोय. ओरॅकलवाले हेच कितीतरी वर्षं करतात, त्यांच्याकडे ॲक्टिव्ह सेशन हिस्टरी आपोआप दर सेकंदाला नमुने घेते, फक्त ती वापरायला डायग्नोस्टिक्स पॅकचं वेगळं लायसन्स लागतं. पोस्टग्रेसमध्ये तो इतिहास आपोआप मिळत नाही, तो आपणच गोळा करायचा, पण एका छोट्या स्क्रिप्टचं काम आहे. एसक्यूएल सर्व्हरवर असाल तर डीएम_एक्झेक_रिक्वेस्ट्स मध्ये, मायएसक्यूएलवर असाल तर परफॉर्मन्स स्कीमा आणि सिस स्कीमामध्ये असंच काम होतं, नावं बदलतात, विचार तोच.

दोन छोट्या अडचणी इथे येतात. साध्या युजरने बघितलं तर दुसऱ्यांच्या क्वेरीच्या जागी परवानगी नाही असं दिसतं, त्यासाठी सुपरयुजर देऊ नका कृपया, १० आवृत्तीपासून पीजी_मॉनिटर नावाचा तयार रोल आहे तो द्या. आणि क्वेरीचा मजकूर १०२४ बाइटला कापला जातो, ओआरएमने (कोडमधून आपोआप एसक्यूएल बनवणाऱ्या लायब्ररीने) बनवलेल्या लांबलचक क्वेरीत कॉलमांची यादी संपेपर्यंतच मजकूर कापला जातो आणि फ्रॉम कुठलं ते दिसतच नाही. ट्रॅक_ॲक्टिव्हिटी_क्वेरी_साइझ वाढवा, पण त्याला रिस्टार्ट लागतो, म्हणून हे आधीच करून ठेवायचं काम आहे.

आता तुमची लक्षणं परत वाचा: सीपीयू कमी, हिट रेशो उत्तम, एकदम सगळं अडकतं, एकदम सुटतं. काम जड आहे म्हणून मंद होणारा डेटाबेस असा वागत नाही, तो हळूहळू दमतो आणि सीपीयू किंवा डिस्क यातलं काहीतरी वर जातं. हे वागणं मला लॉकचं वाटतंय, म्हणून पहिली पैज तिथेच लावीन. वेट_इव्हेंट_टाइप लॉक असलेल्या ओळी घ्या आणि प्रत्येकीच्या पीआयडी (प्रोसेस क्रमांक) वर पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज हे फंक्शन लावा, ते अडवणाऱ्यांची यादी देतं. पूर्वी यासाठी पीजी_लॉक्स स्वतःशीच जोडणारी भलीमोठी क्वेरी लोक जपून ठेवायचे, आता गरज नाही. फक्त हे फंक्शन लॉक मॅनेजरची सामायिक माहिती थोडा वेळ एकट्यासाठी धरतं, त्यामुळे शंभर कनेक्शनवर दर सेकंदाला मारत बसू नका, त्रास चालू असताना हाताने चालवा किंवा मॉनिटरिंगमध्ये फक्त अडकलेल्या ओळींसाठीच.

आणि यादी वाचताना एक लक्षात घ्या. त्यात लॉक प्रत्यक्ष धरून बसलेलेही येतात आणि रांगेत पुढे उभे असलेलेही येतात. हा फरक कळला नाही तर निरपराध माणूस पकडला जातो. नेहमीचा प्रकार बघा: कोणीतरी एक लांब सिलेक्ट चालवतंय, रिपोर्ट वगैरे, ते कोणालाच त्रास देत नाहीये. तेवढ्यात डिप्लॉयमेंटमधून त्याच टेबलावर रचना बदलणारं ऑल्टर टेबल येतं, त्याला ॲक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक, म्हणजे टेबल पूर्ण एकट्यासाठी हवं, ते सिलेक्टच्या मागे थांबतं. आणि त्यानंतर आलेला प्रत्येक साधा सिलेक्ट, जो एरवी त्या लांब सिलेक्टबरोबर सुखाने चालला असता, तो आता ऑल्टरच्या मागे रांगेत उभा राहतो. काही सेकंदात कनेक्शन पूल (ॲपने वापरायला उघडून ठेवलेली ठराविक कनेक्शन) भरतो आणि आख्खं ॲप बंद. बघणाऱ्याला दोनशे ओळी अडकलेल्या दिसतात आणि सगळ्या ऑल्टरकडे बोट दाखवतात, पण ऑल्टर स्वतः कोणाच्या मागे आहे ते बघितल्याशिवाय मूळ सापडत नाही. म्हणून साखळी शेवटपर्यंत चढा, जो कोणाच्याच मागे थांबलेला नाही तो खरा धनी.

हा धनी बऱ्याचदा आयडल इन ट्रान्झॅक्शन निघतो. म्हणजे ॲपने बिगिन केलं, दोन ओळी अपडेट केल्या, मग बाहेरच्या कुठल्यातरी सेवेला कॉल केला आणि तिच्या उत्तराची वाट बघत बसलं, इकडे लॉक तसंच. त्याचा सीपीयू शून्य, क्वेरी चालू नाही, स्लो क्वेरी लॉगमध्ये नाव नाही, म्हणून तो कोणत्याच डॅशबोर्डवर दिसत नाही. झॅक्ट_स्टार्ट जुना आणि स्टेट आयडल इन ट्रान्झॅक्शन, एवढी एकच अट लावून रोज बघितलं तरी ॲपमधले कितीतरी दोष बाहेर येतात. त्या क्षणी सोडवायला पीजी_टर्मिनेट_बॅकएंड वापरा, पीजी_कॅन्सल_बॅकएंड फक्त चालू क्वेरी थांबवतं आणि इथे चालू क्वेरीच नाही. ऑपरेटिंग सिस्टिममधून किल नऊ कधीही मारू नका, एका बॅकएंडला तसं मारलं की पोस्टग्रेस शेअर्ड मेमरी बिघडली असं धरून सगळी कनेक्शन तोडतो आणि क्रॅश रिकव्हरीत जातो. कायमचा उपाय म्हणजे आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट, डिफॉल्टला तो शून्य म्हणजे बंद असतो, आणि मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवणाऱ्या सेशनला दोन-तीन सेकंदांचा लॉक_टाइमआउट, लॉक नाही मिळालं तर मायग्रेशन पडू दे, परत चालवता येतं. लॉग_लॉक_वेट्स पण चालू करा, डेडलॉक_टाइमआउटपेक्षा, म्हणजे डिफॉल्टला १ सेकंदापेक्षा, जास्त थांबलेला प्रत्येक जण लॉगमध्ये नोंदला जाईल, मग रात्री काय झालं ते सकाळी कळतं.

उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन आणखी एक नुकसान करतं जे उशिरा दिसतं. त्याचा बॅकएंड_एक्सआयडी किंवा बॅकएंड_एक्समिन (कुठल्या ट्रान्झॅक्शनच्या पुढे साफसफाई करायची नाही ती सीमा) जुना राहतो आणि त्या क्षणानंतर मेलेल्या ओळी, म्हणजे बदललेल्या किंवा काढलेल्या ओळींच्या जुन्या प्रती, व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या सफाईच्या कामाला) साफ करता येत नाहीत, मग पीजी_स्टॅट_युजर_टेबल्स मध्ये एन_डेड_टपल वाढत जातो, लास्ट_ऑटोव्हॅक्यूम मात्र पाच मिनिटांपूर्वीचा दिसतो. हे जोडीने दिसलं की ऑटोव्हॅक्यूमच्या सेटिंगला हात लावू नका, तो बिचारा येतोय आणि रिकाम्या हाताने परत जातोय. एक्समिन कोणी धरलाय ते शोधा: ॲक्टिव्हिटीमध्ये बघा, मग पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स मध्ये, पीजी_प्रिपेअर्ड_झॅक्ट्स मध्ये, आणि हॉट_स्टँडबाय_फीडबॅक चालू असेल तर रेप्लिकावरच्या (प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हरच्या चालत्या प्रतीवरच्या) लांब क्वेरीपण इकडचं व्हॅक्यूम अडवतात. या उलट लास्ट_ऑटोव्हॅक्यूमच जुना असेल तर मग गोष्ट वेगळी, डिफॉल्टला ऑटोव्हॅक्यूम ५० ओळी अधिक टेबलाच्या २० टक्के एवढ्या ओळी मेल्यावर येतो, पन्नास कोटी ओळींच्या टेबलाला ते म्हणजे दहा कोटी, तोवर फार उशीर होतो, अशा टेबलांना स्केल फॅक्टर (हे २० टक्के ठरवणारी सेटिंग) टेबलापुरता कमी करून द्या.

आता लॉक नसेल तर काय, किंवा लॉक सुटल्यावर एकूण भार कमी कसा करायचा, त्यासाठी पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स. हे एक्स्टेंशन आहे, शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज मध्ये नाव घालून रिस्टार्ट करावा लागतो आणि मग क्रिएट एक्स्टेंशन. ज्या प्रॉडक्शन सर्व्हरवर हे नाही तिथे मी पहिलं काम हेच सांगतो. क्वेरीतल्या व्हॅल्यू काढून टाकून सारख्या क्वेरी एकत्र मोजल्या जातात, आणि प्रत्येकीची कॉल्स, एकूण वेळ, सरासरी, ओळी, किती पानं वाचली, किती टेंप ब्लॉक लिहिले हे मिळतं.

सॉर्ट एकूण वेळेवर करा, सरासरीवर नाही. सरासरीवर केलं की रात्री एकदा चालणारा चाळीस सेकंदांचा रिपोर्ट वर येतो आणि टीम आठवडाभर त्याच्या मागे लागते, त्याने कोणालाच त्रास नसतो. आणि खाली कुठेतरी ३ मिलिसेकंदांची एक निरुपद्रवी क्वेरी असते जी सेकंदाला ४०० वेळा येते, गुणाकार करा, १२०० मिलिसेकंद, म्हणजे दर सेकंदाला एका कोअरपेक्षा जास्त काम ती एकटी करवून घेतेय. तिचं उत्तर इंडेक्स नसतंच बहुतेक वेळा, ॲप तीच गोष्ट लूपमध्ये का विचारतंय हे असतं. इथेही वजाबाकीच, मंद झालेल्या पंधरा मिनिटांच्या आधीचा आणि नंतरचा स्नॅपशॉट घ्या, क्वेरीआयडीवर जोडा, आणि एकूण वेळेतला फरक बघा. शेअर्ड_ब्लॉक्स_हिट भागिले कॉल्स हा आकडापण काढा, दहा ओळी परत देणारी क्वेरी दर वेळी पन्नास हजार पानं चाळत असेल तर ती आज मेमरीत आहे म्हणून वेगवान आहे, टेबल वाढलं की नाही राहणार. टेंप_ब्लॉक्स_रिटन मोठा असेल तर सॉर्ट किंवा हॅश वर्क_मेममध्ये मावत नाहीये, डिफॉल्ट फक्त ४ एमबी आहे, पण तो सगळ्या सर्व्हरसाठी एकदम वाढवू नका, एका क्वेरीत असे अनेक टप्पे असतात आणि प्रत्येकाला तेवढी मेमरी मिळू शकते, त्या रोलपुरता किंवा त्या कामापुरता वाढवा.

या व्ह्यूची एक आंधळी जागा आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. यात क्वेरी नोंदली जाते ती पूर्ण झाल्यावर. चालू असलेली इथे नाही, आणि एररने किंवा टाइमआउटने मेलेली पण नाही. म्हणजे तुम्ही स्टेटमेंट_टाइमआउट ३० सेकंद लावलाय आणि एक क्वेरी दर वेळी ३० सेकंद सर्व्हर खाऊन मरतेय, तर सगळ्यात वाईट क्वेरी या यादीत शून्य वेळ दाखवेल. ती लॉगमध्ये सापडते किंवा ॲक्टिव्हिटीच्या नमुन्यांत. १४ पासून ॲक्टिव्हिटीमध्येपण क्वेरी_आयडी येतो, त्यामुळे दोन्ही जोडायला सोपं झालंय. आणि डिफॉल्टला ५००० वेगवेगळ्या क्वेरीच राहतात, वर गेलं की कमी चाललेल्या काढून टाकल्या जातात, पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स_इन्फो मधला डीअलॉक भराभर वाढत असेल तर तुमची यादी गळकी आहे असं समजा. याचं नेहमीचं कारण म्हणजे इन च्या कंसात दर वेळी वेगळ्या संख्येने व्हॅल्यू पाठवणारं ॲप, १८ आवृत्तीच्या आधी प्रत्येक लांबीची वेगळी नोंद व्हायची.

टेबल आणि इंडेक्सच्या व्ह्यूबद्दल जास्त लिहीत नाही. सेक_स्कॅन मोठा दिसला म्हणून इंडेक्स टाकायला धावू नका, छोट्या टेबलाला सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे आख्खं टेबल वाचणंच बरं, सेक_टपल_रीड भागिले सेक_स्कॅन करून एका स्कॅनला किती ओळी वाचल्या ते बघा. आणि आयडीएक्स_स्कॅन शून्य म्हणून इंडेक्स काढून टाकायच्या आधी तीन गोष्टी तपासा: काउंटर कधी रिसेट झाला, रेप्लिकावर तो वापरात आहे का कारण रेप्लिकाचे काउंटर वेगळे असतात, आणि तो युनिक तर नाही ना, कारण डुप्लिकेट अडवण्याचं काम या काउंटरमध्ये मोजलंच जात नाही. १६ पासून लास्ट_आयडीएक्स_स्कॅन मध्ये शेवटचा वापर कधी झाला ती वेळ मिळते, हे काम त्यामुळे पुष्कळ हलकं झालं.

मंदपणा ठराविक अंतराने येत असेल, म्हणजे घड्याळ लावल्यासारखा, तर चेकपॉइंट (मेमरीतली बदललेली पानं डेटा फाइलमध्ये लिहून टाकण्याचं काम) बघा. १७ पासून हे आकडे पीजी_स्टॅट_चेकपॉइंटर मध्ये आहेत, त्याआधी पीजी_स्टॅट_बीजीरायटर मध्ये होते. वेळेवर झालेले आणि मागणीने झालेले असे दोन काउंटर असतात, मागणीचे भराभर वाढत असतील तर बहुतेक वेळा मॅक्स_वॉल_साइझ (वॉल म्हणजे प्रत्येक बदल आधी ज्यात लिहिला जातो ती नोंदवही) लिहिण्याच्या वेगाला पुरत नाही, डिफॉल्ट १ जीबी आहे आणि लिखाण जास्त असलेल्या सिस्टिमला तो फार कमी पडतो. प्रत्येक चेकपॉइंटनंतर पहिल्यांदा बदललेलं पान आख्खं वॉलमध्ये लिहिलं जातं, म्हणून चेकपॉइंट जितके घाईने तितकं वॉल जास्त आणि वॉल जास्त म्हणून परत चेकपॉइंट घाईने, असं ते चक्र फिरत राहतं. १६ पासून पीजी_स्टॅट_आयओ आहे, कोणत्या प्रकारच्या प्रोसेसने किती वाचलं-लिहिलं ते वेगवेगळं दिसतं, त्यात क्लायंट बॅकएंड स्वतःच पानं लिहिताना दिसले तर ते लक्ष देण्यासारखं आहे. वेळेचे कॉलम सगळे शून्य दिसत असतील तर ट्रॅक_आयओ_टायमिंग बंद आहे, चालू करायच्या आधी पीजी_टेस्ट_टायमिंग चालवून मशीनचं घड्याळ वाचणं किती महाग पडतं ते बघा.

हे चेकपॉइंटचं स्थलांतर झालं तसे बदल आवृत्तीगणिक होत असतात, पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स मधला टोटल_टाइम १३ मध्ये टोटल_एक्झेक_टाइम झाला. अपग्रेडनंतर स्क्रिप्ट निदान एररने पडली तर बरं, कळतं तरी, पण एरर गिळून शून्य दाखवणारा डॅशबोर्ड असेल तर महिनाभर सगळं छान दिसत राहतं. अपग्रेडच्या यादीत मॉनिटरिंगच्या क्वेरी तपासणं हे वेगळं काम म्हणून लिहा.

रेप्लिका असेल तर प्रायमरीवरचा पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन बघा, त्यात पाठवलं कुठपर्यंत, तिकडे डिस्कवर गेलं कुठपर्यंत आणि लागू झालं कुठपर्यंत हे वेगवेगळं येतं. पाठवण्यातच मागे असेल तर नेटवर्क किंवा प्रायमरी बघायची, लागू करण्यात मागे असेल तर रेप्लिकावरच्या लांब क्वेरी किंवा तिची डिस्क. रेप्लिकावर शेवटच्या ट्रान्झॅक्शनच्या वेळेवरून लॅग (रेप्लिका किती मागे आहे ते) काढणारी क्वेरी बरेच जण वापरतात, प्रायमरीवर काही लिहिलंच जात नसेल तर ती उगाच वाढता लॅग दाखवते, रात्री दोनला लोकांना उठवते. पण या सगळ्यापेक्षा पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स मध्ये ॲक्टिव्ह फॉल्स असलेली ओळ जास्त धोक्याची आहे. विसरलेला स्लॉट (रेप्लिकासाठी वॉल राखून ठेवणारी नोंद) वॉल फाइल काढू देत नाही, मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ डिफॉल्टला अमर्याद असतो, डिस्क भरते आणि डिस्क भरली की प्रायमरीच बंद पडते. याला अलर्ट नसेल तर आजच लावा.

आता एक शक्यता राहते, की त्रास चालू आहे, ॲप अडकलंय, आणि सगळे व्ह्यू शांत आहेत. बहुतेक कनेक्शन आयडल, क्लायंटरीडमध्ये, ॲक्टिव्ह दोन-चार. याचा अर्थ मॉनिटरिंग चुकलं असा घेऊ नका, ते स्पष्ट सांगतंय की काम डेटाबेसपर्यंत पोचतच नाहीये. ॲपचा पूल भरलेला असेल, पूलमधलं कनेक्शन घेऊन कोणी परत देत नसेल, किंवा मध्ये बसवलेल्या, कनेक्शन वाटून देणाऱ्या पूलरच्या रांगेत क्वेरी थांबल्या असतील, ही रांग पोस्टग्रेसच्या कोणत्याच व्ह्यूमध्ये दिसत नाही कारण पोस्टग्रेसला तिचा पत्ताच नाही. पीजीबाउन्सर हा पूलर असेल तर त्याच्या शो पूल्स मध्ये थांबलेल्या क्लायंटची संख्या बघा. डेटाबेसवाला आणि ॲपवाला एकमेकांकडे बोट दाखवतात ती वेळ हीच, आणि तेव्हा ॲक्टिव्हिटीचे तीस सेकंदांचे नमुने समोर ठेवले की भांडण मिटतं.

गोळा काय करायचं ते सांगतो. ॲक्टिव्हिटीतल्या आयडल सोडून बाकी ओळी दर दहा सेकंदांनी, स्टेटमेंट्स दर पाच मिनिटांनी, डेटाबेस, टेबल्स आणि चेकपॉइंटर दर पाच मिनिटांनी, सगळ्यात वेळेचा कॉलम घालून, तारखेप्रमाणे पार्टिशन केलेल्या टेबलात, आणि शक्यतो वेगळ्या सर्व्हरवर, महिनाभराचं पुरे, जुनं पार्टिशन ड्रॉप. क्रॅशनंतर काउंटर शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे वजाबाकी उणे आली तर ती ओळ सोडून द्या, आणि अशा क्रॅशनंतर सगळ्या डेटाबेसवर ॲनालाइझ चालवा कारण ऑटोव्हॅक्यूमपण याच काउंटरवर विसंबून असतो आणि तो पण सगळं विसरलेला असतो. पीजी_स्टॅट_रिसेट हाताने मारायची सवय असेल तर याच कारणाने सोडा, वजाबाकी करता येत असताना रिसेटची गरज नाही.

अलर्ट थोडेच ठेवा: सगळ्यात जुनं उघडं ट्रान्झॅक्शन किती मिनिटांचं आहे, लॉकवर थांबलेले किती, बंद पडलेला स्लॉट, कनेक्शन मर्यादेच्या किती जवळ, आणि पीजी_डेटाबेस मधल्या डेटफ्रोझनएक्सआयडी चं वय (व्हॅक्यूमने अजून न गोठवलेला सगळ्यात जुना ट्रान्झॅक्शन क्रमांक किती मागे आहे). या शेवटच्याला ऑटोव्हॅक्यूम २० कोटींच्या पुढे स्वतः जबरदस्तीने हाताळायला लागतो, तुम्हाला ४० कोटी दिसले तर काहीतरी त्याला अडवतंय आणि ते ट्रान्झॅक्शन क्रमांकांच्या सुमारे २१० कोटींच्या मर्यादेआधी भरपूर वेळ असताना शोधायचंय.

आणि मॉनिटरिंगच्या कनेक्शनची सोय आधी करून ठेवा. कनेक्शन मर्यादा भरते, डिफॉल्टला १०० आहे, त्याच मिनिटाला तुमची स्क्रिप्टपण बाहेर उभी राहते आणि नेमक्या हव्या त्या वेळेचे नमुने रिकामे येतात. सुपरयुजरसाठी डिफॉल्टला ३ जागा राखीव असतात, पण १६ पासून रिझर्व्ह्ड_कनेक्शन्स सेटिंग आहे आणि सोबत पीजी_यूझ_रिझर्व्ह्ड_कनेक्शन्स हा रोल, तो मॉनिटरिंगच्या युजरला पीजी_मॉनिटर सोबत द्या, त्या युजरला स्वतःचा पाच सेकंदांचा स्टेटमेंट_टाइमआउट लावा, आणि कनेक्शन दर वेळी नवीन न उघडता एकच उघडं ठेवा.